सोबत जाणाऱ्याचा संन्यास

ज्ञानेश्वरांचे वडील विठ्ठलपंत काशीला जाऊन संन्यासी झाले आणि पुढे गुरूच्या आज्ञेने घरी परतले, ही गोष्ट महाराष्ट्रात बहुतेकांना शाळेच्या वयातच कळते. तिचा उत्तरार्ध फार दाहक आहे. आळंदीकरांचा बहिष्कार, ‘संन्याशाची पोरे’ म्हणून चार भावंडांची झालेली हेटाळणी, त्र्यंबकेश्वरी ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेत निवृत्तिनाथांना भेटलेले गहिनीनाथ, आईवडिलांचे देहान्त प्रायश्चित्त. या सगळ्याच्या धगीत मूळचा प्रश्न दिसेनासा होतो. गुरूने शिष्याला परत का पाठवले? संन्यास हा काही हलका हेतू नव्हे. चार आश्रमांतला तो शेवटचा आणि मोक्षाच्या सर्वांत जवळचा. तरी तो रद्द झाला, कारण बायकोची संमती नव्हती. कथेचे पाठ वेगवेगळे आहेत. एका पाठात विठ्ठलपंत गुरूला आपल्याला बायकोमुले नाहीत असे सांगतात. दुसऱ्या पाठात ते रुक्मिणीबाईंकडे वारंवार परवानगी मागतात आणि ती मिळत नाही; मग एके दिवशी त्या आपल्याच तंद्रीत असताना ‘गंगेला जातो’ म्हणतात, त्या ‘जा’ म्हणतात, आणि तेवढ्या एका शब्दाच्या भांडवलावर ते काशी गाठतात. गुरू श्रीपादस्वामी की रामानंद, यावरही चरित्रकारांत एकमत नाही. निकालाबद्दल मात्र सगळ्या परंपरेचे एकमत आहे. गुरू आळंदीला येतात, पिंपळाला प्रदक्षिणा घालणाऱ्या रुक्मिणीबाईंना पुत्रवती होण्याचा आशीर्वाद देतात, खरा प्रकार त्यांना कळतो आणि शिष्याची रवानगी पुन्हा गृहस्थाश्रमात होते.

या निकालातल्या दोन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात. सर्वोच्च मानलेल्या पुरुषार्थालाही जोडीदाराच्या संमतीपासून सूट मिळाली नाही, ही पहिली. बेसावध क्षणी तोंडून निघालेला होकार संमती म्हणून धरला गेला नाही, ही दुसरी. शास्त्रकारांकडे युक्तिवादाची एक रीत आहे, कैमुतिक न्याय : जे मोठ्या ठिकाणी चालत नाही ते लहान ठिकाणी कसे चालेल? मोक्षासाठी जे चालले नाही ते पगारासाठी कसे चालावे, एवढाच इथे प्रश्न आहे. तो नाशिकमध्ये उभा करायला एक निमित्तही आहे. निवृत्तिनाथांची समाधी त्र्यंबकला आहे, आणि तिथून तासा-दीड तासाच्या अंतरावर, नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये, भारतीय पासपोर्टच्या पुस्तिका छापल्या जातात. पुढे त्या पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर पतीचे किंवा पत्नीचे नाव येते; त्या व्यक्तीची संमती आहे का, असे कुणी विचारत नाही. सरकारने ते विचारावे असे माझे मुळीच म्हणणे नाही, त्याने यात न पडलेलेच बरे. पण मग विचारण्याची जबाबदारी घराच्या चार भिंतींत येते, आणि तिथे ती नीट पार पडते असे दिसत नाही.

नाशिकच्या सॉफ्टवेअर इंजिनिअरला गाव सोडणे नवे नाही. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींत यंत्रे, सुटे भाग, विजेची उपकरणे बनतात. संगणकाच्या मोठ्या नोकरीसाठी पुण्याची वाट धरावी लागते. परदेश हे त्याचे किंवा तिचे बहुधा दुसरे स्थलांतर असते. ऑफर लेटर येते. पगार, रिलोकेशनचा भत्ता, पहिल्या महिन्याचे घरभाडे, सगळे त्यात असते. दोघांपैकी एकाचे मन तयार नसते. बऱ्याचदा ती बायको असते, पण तंत्रज्ञानात मुलींची संख्या वाढल्यापासून ऑफर बायकोला आणि नाखुशी नवऱ्याची, हेही आता नवलाचे राहिलेले नाही. मग बोलणी ठरलेल्या चाकोरीतून जातात. ‘दोन वर्षांचा तर प्रश्न आहे’, ‘जाऊन तर बघू, नाही आवडले तर परत येऊ’, ‘मुलांचे कल्याण होईल’, ‘इथे राहून काय मिळणार आहे’. नातेवाईक एका बाजूला झुकतात. गंगापूर रोडच्या फ्लॅटचे हप्ते मध्येच आपले मत नोंदवतात. शेवटी, कधी थकून, कधी वाद नको म्हणून, ‘बरं, जाऊ या’ असे शब्द निघतात. हा होकार आणि रुक्मिणीबाईंचे ‘जा’ यांत फरक किती?

इथे जाणकार माणूस अडवील. म्हणेल, तुम्ही दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत करता आहात. संन्यास आणि प्रवास शास्त्राने वेगळे मानले आहेत. संन्यासी परत येणार नसतो, म्हणून संमती. पोटापाण्यासाठी निघालेला परत येणार असतो, त्याला तरतूद पुरते. आक्षेप वजनदार आहे आणि त्याला ग्रंथांचा आधारही आहे. कामासाठी परगावी जाणाऱ्या पुरुषाने बायकोच्या उदरनिर्वाहाची सोय लावून निघावे, असे मनुस्मृतीचा नववा अध्याय सांगतो. संमतीचा तिथे उल्लेख नाही. पुढे मुदतीही दिल्या आहेत. धर्मकार्यासाठी गेलेल्याची वाट आठ वर्षे पाहावी, विद्येसाठी किंवा कीर्तीसाठी गेलेल्याची सहा, कामोपभोगासाठी गेलेल्याची तीन. मुदत संपल्यावर तिने काय करावे याबद्दल मूळ श्लोक गप्प आहे आणि टीकाकार आपापसांत भांडतात. याज्ञवल्क्यस्मृती तर मागे राहिलेल्या बायकोला खेळ, नटणे-मुरडणे, उत्सव पाहणे, हसणे, दुसऱ्याच्या घरी जाणे, सगळेच वर्ज्य करते. प्रवास एकाचा आणि त्याचे व्रत दुसऱ्याचे! जाणाऱ्याने शिधा भरून ठेवायचा आणि राहणारीने आनंद गहाण टाकायचा, असा तो व्यवहार होता. तेव्हा शास्त्राने प्रवासासाठी संमती मागितली नाही हे खरे. पण प्रवास किरकोळ होता म्हणून मागितली नाही, असे या श्लोकांवरून तरी दिसत नाही. किंमत घरातल्या बाईने मोजायची हे आधीच ठरून गेले होते, म्हणून तिला विचारण्याची गरज पडली नाही. ते गृहीतक आज उघडपणे मांडायला कुणी धजावणार नाही. मग त्याच्या जोरावर मिळालेली सूट तेवढी हातात ठेवून कशी चालेल?

शिवाय त्या जुन्या व्यवस्थेत एकजण जातो आणि एकजण राहतो. आज दोघे जातात, आणि हिशेब उलटतो तो इथेच. ज्याला नोकरी मिळाली त्याचेही गाव सुटते, आईवडील दुरावतात, सणवार सुने होतात, हे नाकारण्याचे कारण नाही. पण त्याचे रोजचे काम, पदवी, हुद्दा, त्याला कोण म्हणून ओळखतात ते सगळे त्याच्याबरोबर विमानात चढते आणि अनेकदा वाढूनच उतरते. सोबत जाणाऱ्याचे तसे होत नाही. अमेरिकेत एच-१बी व्हिसावर गेलेल्याच्या जोडीदाराला एच-४ मिळतो आणि त्यावर मुळात नोकरी करता येत नाही. २०१५ पासून काहींना कामाची परवानगी मिळते, पण मुख्य व्हिसाधारकाचे ग्रीन कार्डचे प्रकरण ठरावीक टप्प्यापर्यंत सरकले असेल तरच. आणि कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना वर्षाच्या कोट्यातला साधारण ७ टक्क्यांहून जास्त वाटा द्यायचा नाही, या नियमामुळे भारतीयांची रांग दशकांच्या हिशेबात गेली आहे. जर्मनी, नेदरलँड्स यांचे कायदे उदार आहेत. तिथे कुशल नोकरदाराच्या जोडीदाराला आल्या दिवसापासून काम करण्याची मुभा असते. पण मुभा मिळाली म्हणजे काम मिळाले असे नव्हे. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकलाच आहे, त्याची बी.ए.एम.एस. पदवी घेऊन इथे दवाखाना चालवणाऱ्या बाईला त्या पदवीवर अमेरिकेत डॉक्टर म्हणून रोगी तपासता येत नाहीत. दंतवैद्याला तिथे बहुधा पुन्हा दोन-तीन वर्षे कॉलेजात बसावे लागते. वकिलाची सनद सीमेपाशी थांबते. मराठी शिकवणाऱ्या शिक्षकाची तर हातातली भाषाच परक्या गावी चालत नाही.

दर बारा वर्षांनी सिंहस्थात नाशिककर संन्यासदीक्षा जवळून पाहतात. दीक्षा घेणारा शेंडी आणि जानवे टाकतो, स्वतःचे श्राद्ध स्वतःच्या हाताने करतो, नवे नाव घेतो. पूर्वाश्रमीचे नाव, व्यवसाय, नाती त्याच्यापुरती संपतात. डिपेंडंट व्हिसावर निघालेल्या माणसाची यादी याच्याशी ताडून पाहावी. व्यवसाय गेला. स्वतःच्या नावाने हाक मारणारी, स्वतःच्या कामाने ओळखणारी माणसे गेली. नवी ओळख मिळाली ती दुसऱ्याच्या नोकरीला टांगलेली. ती नोकरी गेली की देशात राहण्याचा हक्कही तिच्याबरोबर जातो. अर्थासाठी घर सोडणाऱ्याला अर्थ मिळतो, आणि त्याच्या मागून जाणाऱ्याच्या वाट्याला संन्यास येतो. आळंदीची कथा या प्रकरणाला लावताना आपण साहजिकच नोकरी मिळालेल्याला विठ्ठलपंत समजतो. प्रत्यक्षात संन्यास घेणारा दुसराच आहे, आणि तो घ्यायचा निर्णय मात्र त्याचा नाही. विठ्ठलपंतांनी निदान स्वतःचा संन्यास बायकोच्या संमतीशिवाय घेतला होता. इथे एकजण दुसऱ्याचा संन्यास परस्पर घेऊन टाकतो.

कौटिल्याने याला दंड सांगून ठेवला आहे. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात, नवा जनपद वसवण्याच्या प्रकरणात, बायकामुलांची सोय न लावता प्रव्रज्या घेणाऱ्याला पूर्व साहसदंड आहे, आणि स्त्रीला प्रव्रज्या घ्यायला लावणाऱ्यालाही तोच. पहिला अर्धा भाग लोक आवडीने सांगतात. दुसऱ्याकडे सहसा लक्ष जात नाही. कौटिल्याला अध्यात्माची चिंता नव्हती. माणसे नांदती राहावीत, शेते कसली जावीत, कोश भरावा, यापुढे त्याची दृष्टी त्या प्रकरणात जात नाही. तरी एक गोष्ट त्याने अचूक हेरली होती : संन्यास दुसऱ्याकडून करवून घेता येतो. मोक्षशास्त्र इथे त्याच्या बाजूने उभे राहते. ज्या दिवशी वैराग्य येईल त्या दिवशी घर सोडावे, असे जाबालोपनिषद म्हणते. आश्रमांचा क्रमही त्यापुढे गौण ठरतो. त्यात अधिकार ठरवणारी एकच गोष्ट आहे, आणि ती ज्याची त्याने मिळवायची असते. बायकोच्या महत्त्वाकांक्षेतून नवऱ्याला वैराग्य येत नाही, नवऱ्याच्या प्रमोशनमधून बायकोला येत नाही. ज्याला आपला दवाखाना, आपला वर्ग, आपली गिऱ्हाइके अजून प्रिय आहेत, त्याच्याकडून ती सोडवून घेतली तर त्याला त्याग म्हणण्यात अर्थ नाही. ते हिरावून घेणे झाले, मग ते कितीही प्रेमाने केलेले असो.

यावर अनुभवाचा दाखला दिला जाईल. कितीतरी जणी रडत गेल्या आणि आज परत यायला तयार नाहीत. तिथे शिकल्या, उभ्या राहिल्या, इथे मिळाली नसती अशी मोकळीक त्यांना मिळाली. सासरच्या एकत्र घरापेक्षा तो दोन खोल्यांचा अपार्टमेंट अनेकींना हक्काचा वाटला, हेही खरे. पण चांगला परिणाम मागाहून संमतीची जागा घेऊ शकत नाही. तसे मानले तर ज्ञानेश्वर जन्मले म्हणून आळंदीकरांचा बहिष्कारही योग्य ठरवावा लागेल, कारण तो नसता तर ती भावंडे त्र्यंबकला कशाला गेली असती आणि निवृत्तिनाथांना गुरू कुठून भेटले असते! शिवाय ज्या तिथे रुजल्या त्या नुसत्या नेल्या म्हणून रुजल्या नाहीत. कधीतरी, पोचल्यावर वर्षाने किंवा पाच वर्षांनी, त्यांनी तिथे राहायचे स्वतः ठरवले. तो निर्णय त्यांचा होता आणि त्याचे श्रेयही त्यांचेच. तिकीट काढणाऱ्याने ते आपल्या खात्यावर जमा करू नये.

सर्वांत जड आक्षेप नाशिककराच्या तोंडी आपोआप येणार. सीता नाही का गेली? पंचवटी आहे, सीतागुंफा आहे, काळाराम आहे; पतीमागून वनात जाण्याचा आदर्श ज्या भूमीत वावरला तिथे बसून हा वाद कसला? पण अयोध्याकांड उघडावे. तिथे राम सीतेला ‘चल’ म्हणत नाही. तो तिला राहायला सांगतो. सासू-सासऱ्यांची सेवा कर, भरताच्या मर्जीने वाग, असा उपदेश करतो. वनातले काटे, श्वापदे, उपासमार, जमिनीवरची झोप यांची लांबलचक यादी वाचतो. ती ऐकत नाही. युक्तिवाद करते, जुन्या भविष्याचा हवाला देते, शेवटी रागावून त्याच्या पौरुषावरच शंका घेते. तिचे जाणे नवऱ्याची इच्छा मोडून झालेले आहे. आज ज्या कामासाठी तिचे नाव पुढे केले जाते, त्याच्या ते बरोबर उलट आहे. मोठेपण तिच्या जाण्यात आहे असे आपण धरून चालतो. मला ते तिने स्वतः ठरवण्यात दिसते. त्याच घरातली दुसरी सून, ऊर्मिला, अयोध्येत राहिली. वाल्मीकी तिला त्या प्रसंगी एक शब्दही बोलू देत नाही. रवींद्रनाथांनी तिला काव्यातल्या उपेक्षितांत गणले आणि मैथिलीशरण गुप्तांनी ‘साकेत’मध्ये तिला बोलते केले, ते या मौनामुळेच. पण राहिली म्हणून तिला कुणी पतिव्रतेच्या पंगतीतून उठवले नाही. एकाच वनवासाला एका घरातल्या दोन सुनांनी दोन उत्तरे दिली आणि परंपरेने दोन्ही स्वीकारली. खटकते ते एवढेच की दुसरीला विचारल्याची नोंद नाही.

लग्नाच्या विधीतही याला आधार आहे, फक्त त्या वेळी पाहुणे जेवणाच्या रांगेकडे निघालेले असतात. कन्यादान करणारा वराला बजावतो की धर्म, अर्थ आणि काम या तिन्ही बाबतींत हिला डावलून वागू नकोस, आणि वर तीनदा ‘नातिचरामि’ म्हणतो. या वचनात मोक्ष नाही. म्हणजे विठ्ठलपंतांना निदान एक पळवाट होती. मी मोक्षाचे वचन दिलेच नव्हते, असे ते म्हणू शकले असते. तरीही त्यांना परत यावे लागले. अर्थ मात्र त्या वचनात नाव घेऊन आलेला आहे, आणि कुठल्या देशात कुठली नोकरी धरायची हा प्रश्न अर्थाचा नाही तर कशाचा? वचन वराकडून घेतले जाते, वधूकडून नाही, यात जुनी विषमता आहे. ती मिटवायची तर आज कमावत्या दोघांनाही ते सारखेच लागू धरावे. रद्द करण्याचे कारण नाही.

आपला कायदा या बाबतीत परंपरेच्याही मागे रेंगाळला. नांदायला जायला नकार देणाऱ्या रखमाबाईंवर दादाजी भिकाजींनी १८८४ मध्ये मुंबईत दावा लावला. न्यायमूर्ती पिन्हे यांनी तो फेटाळला, पण अपिलात निकाल फिरला, आणि १८८७ मध्ये न्यायालयाने त्यांना नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिन्यांचा तुरुंगवास भोग, असे सांगितले. त्यांनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली; पुढच्या वर्षी तडजोड झाली, त्या लंडनला गेल्या आणि डॉक्टर होऊन परतल्या. दाव्याचा तो प्रकार १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात नवव्या कलमाच्या रूपाने कायम राहिला. १९७७ मध्ये पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने, घर कुठे करायचे हे नवऱ्याने ठरवायचे आणि बायकोने त्यासाठी शिक्षिकेची नोकरी सोडायची, असा अर्थ लावला. पुढच्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने स्वराज गर्ग यांच्या खटल्यात नेमकी उलट भूमिका घेतली. बाई पंजाबात सुनामला मुख्याध्यापिका, नवऱ्याची दिल्लीतली मिळकत तिच्यापेक्षा कमी. घर कुठे हे दोघांनी मिळून ठरवायचे, एकट्या नवऱ्याला तो हक्क देणारा कायदा नाही, असे न्यायालय म्हणाले. नववे कलम मात्र सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये वैध ठरवले आणि ते आजही आहे. कायद्याकडून याहून फार अपेक्षा करण्यात हशील नाही. सहवासाचा हुकूम न्यायालय काढू शकते, पण मनापासूनचा होकार हुकमाने निघत नाही. विठ्ठलपंतांच्या गुरूने जे पाहिले ते पाहण्याची सोय दिवाणी न्यायालयात नाही.

आता ज्याला ऑफर आली आहे त्याची बाजू, कारण इथवरच्या मजकुराने त्याचा जीव गुदमरला असेल. चिपची रचना, मोठ्या यंत्रणांचे संशोधन अशी काही कामे मोजक्या गावांतच होतात. त्यासाठी दहा वर्षे खपलेल्या माणसाला ‘माझे मन नाही’ एवढ्या तीन शब्दांनी अडवायचे, तर तो न्याय की मक्तेदारी? त्याचा स्वधर्म कुणी पाहायचा? पहिले उत्तर थोडे कोरडे आहे. एकट्याने ठरवण्याची मुभा ज्याला हवी त्याने ती लग्नाआधी वापरावी. बारा वर्षांचा नारायण ठोसर ‘सावधान’ ऐकताच बोहल्यावरून पळाला, असे सांगतात, आणि मग नाशिकजवळ टाकळीला, नंदिनी-गोदावरीच्या संगमावर, बारा वर्षे त्याने तप केले. रामदासांना त्याबद्दल कुणी परत पाठवले नाही, विठ्ठलपंतांना पाठवले. दोघांमध्ये फरक सात पावलांचा आहे. परदेशी जायचे नक्की असेल तर ते स्थळ पाहतानाच स्पष्ट बोलावे, आणि हल्ली पुष्कळजण बोलतातही. पण आयुष्य नंतर बदलते, ऑफर न मागता येते, आणि तेव्हा हे उत्तर अपुरे पडते. दुसरे उत्तर असे की नकारालाही तोच नियम लागतो. नाही म्हणणाऱ्याने आपले कारण उजेडात ठेवले पाहिजे. आजारी सासरे, आपली प्रॅक्टिस, मुलाची दहावी, परक्या देशाची भीती, ही सगळी कारणे आहेत. भीती हेही कारण आहे आणि ते लाजेचे नाही. पण आईवडिलांच्या नावामागे भीती लपवली, तर दुसऱ्याशी संवाद होत नाही. तो आईवडिलांची सोय लावून येतो आणि अडचण आहे तिथेच राहते. कथेच्या एका पाठात विठ्ठलपंत गुरूपाशी जसे खोटे बोलले, तसे खोटे राहणाऱ्यालाही बोलता येते.

आणि जायचे-राहायचे या दोन टोकांमध्येही जागा आहे. मनूच्या मुदती आज जशाच्या तशा कुणी पाळणार नाही, पण प्रत्येक प्रवासाला त्याच्या हेतूप्रमाणे मुदत असते हा त्यातला विचार सोडून देण्याजोगा नाही. ‘बघू’ ही मुदत नव्हे. किती वर्षे, कुठल्या अटीवर परत, सोबत येणाऱ्याच्या कामाचे काय, तिथल्या परीक्षांचा किंवा भाषेच्या शिकवणीचा खर्च घरखर्चात धरला आहे की उरला तर बघायचा, हे आधी बोलले जावे. आधी एकाने जावे, दुसऱ्याने राहावे, हाही मार्ग मराठी माणसाला अपरिचित नाही. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये एकट्या अमेरिकेला गेल्या आणि गोपाळराव टपाल खात्याच्या नोकरीपायी मागे राहिले. तिथे पाऊल मागे घेणारी बायको आणि पुढे ढकलणारा नवरा होता की दोघांचे एकच स्वप्न होते, यावर अजून वाद होतो. गोपाळरावांचा हट्ट आणि जाच लपलेला नाही. पण निघण्यापूर्वी सेरामपूरला सतरा वर्षांच्या आनंदीबाईंनी भरसभेत उभे राहून आपण का जातो, एकट्या का जातो, बहिष्कार पडला तर काय करू, याची उत्तरे स्वतः दिली. नवऱ्याने कितीही रेटले असले तरी त्या दिवशी कारणे त्यांच्या तोंडची होती. आजच्या जोडप्यांना सभा घ्यायची गरज नाही. आपण का जातो हे नाखूश माणसाला स्वतःच्या शब्दांत, जोडीदाराचे वाक्य न वापरता, सांगता येते का, एवढे पाहिले तरी खूप कळते.

राहता राहिला तो, ज्याने जोडीदारासाठी ऑफर सोडली आणि नाशिकातच राहिला. त्याची पाठ थोपटून आपण त्याला विसरतो. जाणे बदल घडवते आणि राहणे काहीच हिरावत नाही, असे समजणे चूक आहे. सोडलेल्या नोकरीबरोबर त्याचाही एक पूर्वाश्रम संपलेला असतो. हा त्याग त्याच्याकडून भांडून, अबोला धरून, माहेरच्यांकडून दडपण आणून करवून घेतला असेल, तर कौटिल्याचा दंड याही बाजूला लागू आहे. त्याची खूण पुढच्या पंधरा वर्षांत दिसते. मुलाच्या फीवरून, गाडीच्या किमतीवरून, अमेरिकेतल्या वर्गमित्राच्या फोटोवरून, कुठल्याही निमित्ताने ‘तुझ्यामुळे’ हा शब्द घरात येतो. तो शब्द येत असेल तर राहण्याचा निर्णय दोघांचा नव्हता आणि ते बोलणे पुन्हा काढावे लागेल, मग तोवर ऑफर शिल्लक असो की नसो.